सगळ्यांची एकच बाग

प्रिय धाकोबा,

पाकिटावर माझं अक्षर पाहून पोटात गोळा आणू नकोस. कोणी गेलेलं नाही, कोणाचं लग्न ठरलेलं नाही आणि मी कोर्टातही गेलेले नाही. हल्ली हाताने लिहिलेलं काही घरी आलं की यातलंच एखादं असतं, म्हणून आधीच अभय देते. पत्र एवढ्यासाठी की फोनवर तू मला पाय ठेवायला जागा देत नाहीस. रविवारी फोन लावला की पुढे काय येणार ते आता मला तुझ्याआधी म्हणता येतं. बरा आहे, जेवण वेळेवर होतं, झोप मस्त लागते, सकाळी बागेत एक चक्कर असते, तू कशी आहेस? याच क्रमाने, याच चालीत. आयुष्यभर दुसऱ्यांना भूल देणाऱ्या डॉक्टराने स्वतःच्या झोपेची ग्वाही द्यावी, हे मला शिंप्याने आपल्याच पाठीचं माप घेण्यासारखं वाटतं. हात पुरत नाही रे. पत्राचं बरं असतं. पत्राला मध्येच 'बरं, ठेवतो' म्हणता येत नाही.

तर माझी खबरबात. आमच्या शाळेचं खेळाचं सभागृह आता शाळेचं राहिलेलं नाही. तिथे सीमेपलीकडून आलेली कुटुंबं राहतात. ज्या लढाईतल्या इस्पितळातून तू उन्हाळ्यात परत आलास, तिच्यातूनच ही माणसं निसटली आहेत. कोण जाणे, यांच्यातल्या एखाद्याच्या नाकावर तूच मास्क धरला असशील. दोऱ्या बांधून त्यांवर चादरी टाकल्या आहेत, आणि प्रत्येक चादरीमागे एक घर. चादर म्हणजे भिंत, हा नियम सगळे इतका काटेकोर पाळतात की पलीकडे कोणी शिंकलं तरी अलीकडचा ऐकू न आल्यासारखं करतो. जमिनीवर बास्केटबॉलच्या रेघा अजून शाबूत आहेत. एक आजी मला रोज ठणकावून सांगते, की तिचं स्वयंपाकघर पांढऱ्या रेघेपर्यंत आहे आणि शेजारणीने आत पाय टाकायचं काम नाही. बोली त्यांचीही आपल्यासारखीच म्हणायची, फक्त हेल वेगळा.

संस्कृतच्या बाईचं तिथे काय काम, असं तू विचारणार नाहीसच, पण विचारलंस असं मी धरून चालते. संस्कृतला विद्यार्थी मिळेनात, आणि रिकामी बाई शाळेला परवडत नाही. तेव्हा मुख्याध्यापिकांनी मला समुपदेशनाच्या वर्गाला धाडलं. परत आले ती समुपदेशक होऊन. पदवी एवढी भारदस्त की मुलांनी तिचं पुढचं टोक छाटून टाकलं. मला 'उपदेशबाई' म्हणतात. आणि आता एक तरुण डॉक्टरीण आली आहे, मुलांच्या मनाची. लढाईतून आलेल्या प्रत्येक मुलाला ठरावीक प्रश्न ठरावीक क्रमाने विचारायचे, आणि कोणाला मदत लागेल ते ओळखायचं, हे तिचं काम. मदत सगळ्यांना पुरण्याइतकी कुठेच नसते. त्यामुळे इथली मुलं धडधाकट निघाली तर तिची माणसं गाशा गुंडाळून दुसऱ्या छावणीकडे जाणार. प्रश्न मी विचारायचे, कारण माझा चेहरा निरुपद्रवी आहे असं तिचं निदान आहे. ती बाजूला बसून मुलाचे हात, पाय, डोळे बघते.

जागा दिली जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेची. तिथला सांगाडा आधी कपाटामागे लपवला, पण त्याचे पाय दिसायचे. मग त्याला मुख्याध्यापिकांच्या खोलीत हलवलं. तेव्हापासून त्यांच्याकडे तक्रारी घेऊन जाणाऱ्या पालकांची संख्या घटली आहे.

पहिल्या दिवसापासून मला काहीतरी खटकत होतं. मुलं यायची ती केस ओले करून चापूनचोपून बसवलेली, नखं कापलेली, चेहरे घासूनपुसून लाल झालेले. बाहेर आया ताटकळत. मूल बाहेर पडलं की पहिला प्रश्न, 'पास झालास का?' त्या पांढऱ्या रेघेवाल्या आजी तर भांडायलाच आल्या. शेजारच्या पोराला म्हणे आत जास्त वेळ बसवलं, आमच्या नातवाला पटकन काढून दिलं, हा पक्षपात आहे. मी म्हटलं, आजी, ही परीक्षा नाही. त्या म्हणाल्या, 'आम्हाला काय शिकवता? टेबल आहे, बाई आहे, कागद आहे. मग काय लग्न आहे?'

आणि उत्तरं काय सुरेख यायची! झोप? शांत लागते. भूक? लागते. मोठा आवाज झाला तर? काही नाही. स्वप्नं पडतात का, कशाची पडतात? बागेची. मोठ्या मुलाला बागेची, लहानग्याला बागेची, रोज दुसऱ्याच्या डोक्यात टपली मारणाऱ्या त्या दांडगोबालाही बागेची. प्रत्येकाच्या बागेत एक झोपाळा. डॉक्टरीण हरखली. इतक्या मोठ्या दिव्यातून येऊन मुलं अशी उभी राहतात, म्हणाली, मी कुठे पाहिलं नाही. मी मात्र हरखले नाही, कारण मला ती चाल ओळखू आली. तुला आठवतं, मी डोळे मिटून, डुलत डुलत संस्कृतची रूपं म्हणायचे आणि तू मागून माझी वेणी ओढायचास? पाठ केलेल्या वाक्यात माणूस श्वास घेतो तो अर्थ बघून घेत नाही, छातीच्या सोयीने घेतो. 'शांत झोप' म्हणून थांबायचं आणि 'लागते भूक' एका दमात. त्या मुलांचे श्वास असे भलत्या जागी पडत होते. पण श्वासावरून डॉक्टरणीशी वाद घालायला माझ्यापाशी पुरावा नव्हता, आणि खरं सांगायचं तर बाग मलाही हवीच होती.

मग गुंडी आली. सगळं सभागृह तिला गुंडीच म्हणतं, कारण तिच्या कोटाला एकच गुंडी उरली आहे आणि ती सतत तिला पिळत असते. दुसरीतिसरीत असावी एवढी, आणि डोळ्यांखाली म्हाताऱ्या बाईसारखी काळी वर्तुळं. माझ्या चष्म्याची आणि चिकटलेल्या पानांची कृपा बघ. मी एकदम दोन पानं उलटली, स्वप्नांचा प्रश्न राहून गेला आणि पुढचा विचारला, 'तुला कशाची भीती वाटते का गं?' गुंडी म्हणाली, 'बागेची. झोपाळा आहे.'

क्षणभर मला हसू आलं. तिला चूक कळली तेव्हा ते गेलं. ती गोठली. गुंडी पिळायचा हात थांबला आणि ओठ हलायला लागले. ती पहिल्यापासून म्हणत होती. षष्ठीला अडकलं की परत प्रथमेपासून धरावं लागतं, मधूनच चढता येत नाही, हे घोकंपट्टी केलेल्यालाच कळतं. 'बरी आहे. शांत झोप लागते. भूक लागते. आवाज झाला तरी काही नाही. बागेची, झोपाळा आहे. कशाची नाही. खेळते. हसते.' समोर प्रश्न नाही आणि उत्तरांची माळ चाललेली. 'हसते' म्हणताना ती हसली. तेही पाठ केलेलं होतं. डॉक्टरणीने हातातलं पेन खाली ठेवलं.

शिकवणी कोणाची, हे शोधायला लांब जावं लागलं नाही. गुंडीचे आजोबा तिकडे शाळामास्तर होते. सभागृहाच्या टोकाला, शेवटच्या चादरीआड, दुपारी त्यांचा वर्ग भरतो. मी गेले तर त्यांनी बसायला स्वतःची उशी पुढे केली. चेहऱ्यावर निकालाची उत्सुकता. मी सांगितलं तसे ते पांढरे पडले आणि विचारलं काय, तर 'कोण चुकलं?' मग हात जोडून, 'तिला एकदा परत बसवा. मी तयारी करून घेतो. हुशार आहे हो, घाबरली असेल.' उत्तर दिलं ते गुंडीच्या आईने, पलीकडून, चादरीचा नियम मोडून. तिचा चेहरा मला दिसत नव्हता, नुसता आवाज येत होता. आधीच्या छावणीत थोरल्या मुलीला असेच प्रश्न विचारले होते. थोरलीने खरं सांगितलं, की मला रोज आग दिसते. दुसऱ्या दिवशी पांढरी गाडी आली. उपचाराला नेतो, लगेच आणून सोडतो म्हणाले. आईला गाडीत जागा नव्हती. थोरली परत यायच्या आत ती छावणी उठली, यांना इथे आणून टाकलं, आणि मुलीचा माग तुटला. 'खरं बोलली म्हणून गेली, बाई,' चादर म्हणाली. 'दुसरी नाही देणार मी.'

बागेचं मी मास्तरांना विचारलं. तुमच्या गावात होती का? ते ओशाळले. 'छे हो, आमच्याकडे कुठली बाग. चांगलं स्वप्न म्हणून लिहून द्यायचं तर दुसरं काय सुचणार? झोपाळा मी घातला नव्हता. तो गुंडीने घातला. म्हणाली, आजोबा, नुसत्या बागेवर विश्वास बसणार नाही.'

डॉक्टरीण रागावेल असं मला वाटलं होतं. ती प्रयोगशाळेतल्या उंच स्टुलावर पाय लोंबकळत बसून राहिली आणि म्हणाली, 'म्हणजे यांना असं ठेवून आपण निघून जाणार होतो.' सगळे कागद तिने पिशवीत कोंबले आणि गाशा गुंडाळायचा बेत रद्द केला. नंतर सभागृहाच्या मधोमध, पांढऱ्या रेघेवर उभी राहून तिने सगळ्यांना सांगितलं, की कोणी काहीही बोललं तरी एकही मूल आईशिवाय या दाराबाहेर जाणार नाही. कोणाचाच विश्वास बसला नाही. आजी म्हणाल्या, 'गेल्या खेपेलाही गोडच बोलले होते. आणि बाई, रेघेवरून खाली उतर.' ती उतरली, आणि फोन घेऊन थोरलीला शोधायला बसली.

गुंडीला मी रोज प्रयोगशाळेत बोलावू लागले. विचारायचं काही नाही, असं आम्ही ठरवलं होतं. रंगीत पेन्सिलींचा एक खोका होता, सगळ्या बोथट. मी शार्पनर तिच्या हातात दिला, दुसरा मी घेतला. आम्ही दोघी पेन्सिली तासत बसायचो. ती बोलेना, मीही बोलेना; आणि मला गप्प बसणं किती जड जातं ते तुझ्याइतकं कोण जाणतं? एक दिवस नाही राहवलं. मी म्हटलं, तुझ्यासारखी मीही काही उत्तरं पाठ केली होती, म्हणून दाखवू? आणि म्हणून दाखवली. 'बाबा कामात आहेत. बाबा आता झोपलेत. नंतर या.' लढाईवरून बाबा परत आल्यावर आईने मला दारासाठी शिकवली होती ती. पोस्टमनला तीच, दूधवाल्याला तीच, बाबांच्या पलटणीतल्या मित्रालाही तीच. गुंडीने एखाद्या जाणकारासारखी ती ऐकली. 'छान म्हणता,' म्हणाली. 'कुठे अडखळत नाही.' पेन्सिल फिरवत राहिली आणि मान वर न करता विचारलं, 'मग खरं कुठे होते?'

धाकोबा, मला हा प्रश्न आजवर कोणी विचारला नव्हता. आई गेली, बाबा गेले, आपण दोघं एवढे जून झालो, आणि तू विचारायचा प्रश्नच नव्हता, कारण तुला ठाऊक होतं. माझेही ओठ पहिल्यापासून म्हणायला लागले होते, बाबा कामात आहेत. मी ते थांबवले आणि म्हटलं, 'पलंगाखाली.' बेल वाजली की एवढा धिप्पाड माणूस पलंगाखाली जाऊन भिंतीकडे तोंड करून पडायचा. गुंडीला यात नवल वाटलं नाही. 'एकटेच?' तिने विचारलं. मी म्हटलं, 'नाही. माझा धाकटा भाऊ जायचा. आपली उशी फरफटत न्यायचा आणि त्यांच्या पाठीला पाठ लावून पडायचा. बोलायचा काही नाही. नुसता खोटं खोटं घोरायचा, म्हणजे बाबांना वाटावं, पोरगं झोपलंय, तेव्हा बाहेर सगळं ठीक असणार.' तुझ्या व्यवसायाची दीक्षा तुला तिथेच मिळाली, हे मी लोकांना सांगत नाही. त्यांना वाटतं तू मार्कांवर डॉक्टरकीला गेलास.

गुंडी पेन्सिल तासतच राहिली. निळी होती, तासून तासून नखाएवढी उरली. मग म्हणाली, 'आमच्याकडे पलंग नव्हता. जिना होता. जिन्याखाली आम्ही. ताईचा हात माझ्या तोंडावर होता.' थोड्या वेळाने, 'खूप वेळ होता.' आणि उठता उठता, जणू राहून गेलेलं एक काम उरकावं तसं, 'बाग नव्हती.'

थोरली सापडली. दुसऱ्या शहरातल्या एका इस्पितळात, मुलांच्या वॉर्डात. ज्यांनी नेलं त्यांनी उपचार खरंच केले होते. परत आणायचं तेवढं कोणाच्याच अंगावर नव्हतं. फोनवर ती आधी आईला वाट्टेल ते बोलली, मला टाकून गेलात म्हणाली, आई नुसती 'हो गं, हो गं' करत होती. आणि शेवटी तिने विचारलं, 'गुंडी जेवते का?' मास्तरांनी फोन हातात घेतला आणि सवयीने म्हणाले, 'जेवते, शांत झोपते.' मग थांबले. म्हणाले, 'नाही गं. झोपत नाही ती.' काल सकाळी डॉक्टरीण स्वतः आईला आणि गुंडीला गाडीत घालून तिकडे घेऊन गेली. आई पुढच्या सीटवर बसली, मुद्दाम, सगळ्यांना दिसेल अशी. आजींनी रेघेवर उभं राहून खात्री करून घेतली. बरं झालं असं मात्र समजू नकोस. गुंडी अजून झोपत नाही. जिन्यावरून जायचं म्हटलं की अजून तिचे पाय जागीच थिजतात. फरक एवढाच, की आता झोपत नाही असं ती सांगते. डॉक्टरीण म्हणते, उपचार इथून सुरू होतो. मास्तरांचा वर्ग बंद झाला, आणि मुलं एकेक करून आता बागेबाहेर यायला लागली आहेत. जे सांगतात ते तुला लिहीत नाही. तू तिथे होतास.

आता हे एवढं पुराण कशासाठी, ते सांगते. गेल्या रविवारी मी फोनवर मुद्दाम पानं उलटली. तू 'बरा आहे' म्हणालास, आणि तुझ्या जेवणाची वाट न बघता मी विचारलं, तिथलं काही आठवतं का रे? तू म्हणालास, 'वेळेवर होतं.' मी तुझा श्वास ऐकला. आणि मग तू पहिल्यापासून सुरू केलंस. बरा आहे, जेवण वेळेवर होतं, झोप मस्त लागते, सकाळी बागेत एक चक्कर असते. मी फोन ठेवला आणि तुझ्या सौभाग्यवतीला लावला. तिने तुझी चहाडी केली नाही, उगाच तिच्यावर डाफरू नकोस. ती एवढंच म्हणाली, की तुमच्या नव्या घराजवळ बाग नाही. बेल वाजली की तू कुठे असतोस ते मी विचारलं नाही, तिनेही सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी तिने किल्ली पाठवून दिली. तर मी रजा घेतली आहे आणि शुक्रवारी येते आहे. बेल वाजवणार नाही. प्रश्न विचारणार नाही. डॉक्टरणीचं नाव खिशात आहे, ते तू मागितलंस तर देईन, तोवर खिशातच राहील. लहानपणी मी दारात उभी राहून उत्तरं द्यायचे आणि पलंगाखाली तू जायचास. खालची पाळी कधी माझी आलीच नाही. या वेळी उशी मी आणते. फक्त पलंग जरा उंच आहे ना, तेवढं बघून ठेव, माझे गुडघे आता संधी कमी आणि विग्रह जास्त करतात. एकदा खाली शिरले की मला बाहेर काढायला तुलाच यावं लागेल. आणि घोरणं माझं खोटं नसेल रे, ते आता अगदी अस्सल झालं आहे.

तुझीच,
न विचारता आत येणारी
ताई